नाव झाकावे, हिशेब उघडा ठेवावा

आगमनकाळ जवळ आला, की आमच्या धर्मग्रामातील तरुण-तरुणींचा एक घोळका दरवर्षी एका संध्याकाळी धर्मगुरुनिवासाच्या ओसरीवर येऊन बसतो. एकाच्या खांद्याला गिटार असते, एकीच्या हाती वही असते, आणि उरलेले सर्व जण एकमेकांना कोपराने ढोसत हसत असतात. चहा होतो. मग वहीवाली मुलगी घसा साफ करून दरवर्षीचा प्रश्न विचारते : "फादर, यंदा कोणासाठी जमवायचे?"

वाचकहो, ह्या प्रश्नात केवढा चांगुलपणा साठलेला आहे! ही मुले दिवसभर कोणी दुकानात, कोणी कारखान्यात, कोणी कॉलेजात, तर कोणी शेतावर राबून आलेली असतात. नाताळची गाणी म्हणत रात्रीच्या थंडीत दारोदार हिंडावयाचे, रविवारी मिस्सानंतर चहा-भज्यांचे टेबल मांडावयाचे, घरोघरची रद्दी गोळा करून विकावयाची, आणि जमलेला पैसा गावातील एखाद्या अडलेल्या घरी पोहोचवावयाचा, हे त्यांना कोणी शिकवावे लागत नाही. चर्चच्या पायरीवर बसून 'आजची पिढी बिघडली' असे म्हणणाऱ्या वडीलधाऱ्यांनी एखादी संध्याकाळ ह्या ओसरीवर काढावी, असे मला पुष्कळदा वाटते.

तथापि पूर्वी मी ह्या प्रश्नाला जसे चटकन उत्तर देत असे, तसे आता देत नाही. 'कोणासाठी' ह्याच्या आधी 'कसे' हे ठरवू या, असे म्हणतो. त्यामागे एक गोष्ट आहे. तीत चूक घडली ती माझ्या हातून. मुलांच्या हातून नव्हे.

सन २०१९ च्या ऑगस्टमध्ये बेळगाव जिल्ह्यात पावसाने जो कहर केला, तो आमच्या भागातील कोणाला विसरणे शक्य नाही. नद्या पात्र सोडून शेतांत शिरल्या. मातीच्या भिंतींची घरे भिजून भिजून खाली बसली. त्या वेळी मी दुसऱ्या एका गावी होतो. त्या गावाचे नाव येथे सांगत नाही. का, ते पुढे ध्यानात येईल. तेथील एका विधवा भगिनीच्या घराची मागची भिंत एका रात्री कोसळली. सुदैवाने माणसे बचावली. बाई मानी. ती कोणाच्या दारी गेली नाही. शेजाऱ्याच्या रिकाम्या गोठ्यात तिने चूल मांडली आणि मुलीला घेऊन ती दिवस काढू लागली. तरुण मंडळींनी हे पाहिले. ती माझ्याकडे आली. मी 'शाबास' म्हटले. त्या नाताळपर्यंत ह्या मुलांनी अडतीस हजारांच्या वर रुपये उभे केले. तेवढ्याशा गावाच्या मानाने ही रक्कम लहान नव्हे.

येथवर सारे ठीक झाले. नाताळच्या रात्रीच्या मिस्सानंतर पटांगणात करमणुकीचा कार्यक्रम होता. मी ध्वनिक्षेपक हाती घेतला, मुलांचे तोंडभर कौतुक केले, आणि त्या भगिनीचे नाव पुकारून तिला व्यासपीठावर बोलाविले. लिफाफा दिला. टाळ्या झाल्या. एका उत्साही मुलाने पडक्या भिंतीचे आणि लिफाफा घेणाऱ्या हातांचे छायाचित्र फोनवरून गावाच्या गटात पाठविले. गावातून ते तालुक्याला गेले. तालुक्याहून मुंबईला आणि आखाती देशांत नोकरीस असलेल्या आमच्या माणसांकडे गेले. तिकडून आणखी पैसे आले. मला मोठी धन्यता वाटली.

एक गोष्ट मात्र मी लक्षात घेतली नव्हती. ह्या भगिनीची मुलगी त्याच तरुण मंडळात होती. गायकवृंदात ती पहिल्या ओळीत उभी राहत असे. डबा घेऊन दारोदार हिंडणाऱ्यांत तीही होती. हे पैसे गावातल्या पडलेल्या घरांसाठी आहेत, एवढेच तिला ठाऊक होते. तिला आनंदाचा धक्का द्यावा म्हणून मैत्रिणींनी बाकीचे तिच्यापासून लपविले होते. महिनाभर आपण आपल्याच घरासाठी दारोदार हात पसरीत होतो, हे तिला त्या रात्री, साऱ्या गावाबरोबर, ध्वनिक्षेपकावरून कळले.

पुढच्या रविवारी गायकवृंदातील तिची जागा रिकामी होती. सोमवारी तिची आई लिफाफा घेऊन आली. तो फोडलेलाही नव्हता. मी समजूत घालू लागलो, 'मावशी, हे सर्वांनी प्रेमाने दिले आहे,' वगैरे जे सुचेल ते बोललो. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, "फादर, मी मागितले नव्हते. भिंत मी कधीतरी बांधली असती. आता पोर घराबाहेर पडत नाही." लिफाफा मेजावर ठेवून ती निघून गेली.

ती भिंत पुढे उभी राहिली, परंतु निराळ्या रीतीने. गावातला एक गवंडी आणि चार-पाच मुले सलग काही रविवार तिच्या परसात गेली. कोणाला सांगितले नाही, की छायाचित्र काढले नाही. चिऱ्यांचे पैसे त्याच लिफाफ्यातून दुकानात परभारे भरले. श्रम तिने स्वीकारले, कारण श्रम हे सावडीने फेडता येतात : पुढच्या रोपणीला ती त्या प्रत्येकाच्या शेतात एकेक दिवस गेली. मुलगी मात्र माझी बदली होईपर्यंत गायकवृंदात परतली नाही. हे सर्व छापण्याआधी मी त्या माउलीला विचारले. 'लिहा,' म्हणाली, 'पण गाव सांगू नका.'

ह्या चुकीवरील उपाय मला नव्याने शोधावा लागला नाही. जवळजवळ दोनशे वर्षांपूर्वी विशीतल्या काही विद्यार्थ्यांनी तो शोधून ठेविला होता, आणि सेमिनरीत असताना मी तो वाचलाही होता. वाचलेले वेळेवर आठवते, असे थोडेच असते!

फ्रेडरिक ओझानाम हे नाव आपल्यापैकी पुष्कळांनी ऐकले असेल. त्याचा जन्म २३ एप्रिल १८१३ रोजी इटलीतील मिलान शहरी झाला; घर फ्रान्समधील लियों शहरचे, वडील डॉक्टर. १८३१ साली तो कायद्याच्या अभ्यासासाठी पॅरिसला गेला आणि काही काळ आंपेर ह्या थोर शास्त्रज्ञाच्या घरी राहिला. विजेचा प्रवाह मोजताना आपले वायरमन ज्या 'अँपिअर'चे नाव घेतात, तोच हा. पुढच्याच वर्षी पॅरिसमध्ये पटकीची साथ आली आणि एकट्या त्या शहरात १८,००० हून अधिक माणसे दगावली. अरुंद गल्ल्यांतील गरिबांच्या वस्तीत तर घराघरात प्रेत पडले. असा तो काळ होता.

विद्यार्थ्यांचे एक चर्चामंडळ असे. तेथे ओझानाम ख्रिस्तसभेच्या बाजूने हिरिरीने बोलत असे. एकदा एका विरोधकाने त्याला सरळच विचारले, की तुमच्या धर्माने पूर्वी मोठी कामे केली हे मान्य. परंतु आज तुम्ही काय करीत आहात? प्रश्न बोचरा होता, आणि खरा होता. आपल्या बहुतेकांप्रमाणे ओझानामने रागावून आणखी एक भाषण ठोकले असते, तर आज त्याचे नाव घेण्याचे कारण उरले नसते. सांगतात, की तो आणि त्याचा एक मित्र आपल्याजवळचे उरलेसुरले सरपण उचलून एका गरीब माणसाच्या घरी घेऊन गेले.

२३ एप्रिल १८३३ रोजी, म्हणजे ओझानामला वीस वर्षे पूर्ण झाली त्याच दिवशी, एका वृत्तपत्राच्या कचेरीत सात जण जमले. सहा विद्यार्थी होते; सातवे त्या पत्राचे संपादक एमान्युएल बायी, वय एकोणचाळीस. बायींकडे माझे विशेष लक्ष जाते, कारण ते साधारण माझ्याच वयाचे. त्यांनी खोली दिली, अध्यक्षपद स्वीकारले, आणि मुलांना काम करू दिले. संत व्हिन्सेंट द पॉल ह्यांच्या नावाने आज जगभर ओळखल्या जाणाऱ्या संस्थेचा हा प्रारंभ होय. आपल्या देशात ही संस्था १८६३ मध्ये मुंबईस आली. ओझानाम पुढे सोर्बोन विद्यापीठात प्राध्यापक झाला, त्याचा विवाह झाला, त्याला एक कन्या झाली. तो धर्मगुरू नव्हता की मठवासी नव्हता, हे तरुणांनी ध्यानात ठेवावे. ८ सप्टेंबर १८५३ रोजी, मरियामातेच्या जन्मोत्सवाच्या दिवशी, अवघ्या चाळिसाव्या वर्षी तो वारला. १९९७ साली पॅरिसमध्ये जागतिक युवादिनाच्या मेळाव्यात परमगुरुस्वामी दुसरे जॉन पॉल ह्यांनी त्याला धन्यवादित म्हणून घोषित केले.

परंतु मला चरित्र सांगावयाचे नाही; त्या मुलांची कार्यपद्धती सांगावयाची आहे. त्यांना गरिबांची काहीही माहिती नव्हती. ती असल्याचा आवही त्यांनी आणला नाही. त्या वस्तीत वर्षानुवर्षे काम करणाऱ्या सिस्टर रोझाली रांद्यू ह्या धर्मभगिनीकडे ती गेली. तिने त्यांना कुटुंबांची नावे दिली, पावाच्या चिठ्ठ्या दिल्या, आणि गरिबांच्या घरी कसे वागावे हेही शिकविले. मदत घेण्यासाठी कोणाला कचेरीत किंवा व्यासपीठावर बोलवावयाचे नाही. मदत देणाऱ्याने स्वतः त्या घरी जावयाचे, जिना चढून जावयाचे, बसावयाचे, बोलावयाचे. दोघांनी मिळून जावयाचे. जे पाहिले-ऐकले त्याची बाहेर वाच्यता करावयाची नाही.

घरी जाऊन काय साधते, हे ओझानामच्या वाट्यास आलेल्या पहिल्याच कुटुंबावरून दिसून येते. दारुडा नवरा, मार खाणारी बायको आणि पाच मुले. वरवर पाहणाऱ्याने दोन पाव देऊन पाय काढता घेतला असता. ओझानाम जात राहिला, विचारीत राहिला; तेव्हा कळले, की ह्या दोघांचा कायदेशीर विवाहच झालेला नाही आणि म्हणून त्या बाईला त्याच्या हाती राहण्याचे बंधन नाही. कायद्याचा विद्यार्थी येथे उपयोगी पडला. ती धाकट्या मुलांना घेऊन माहेरच्या मुलखात परत गेली. मोठ्या दोघांना बायींच्या छापखान्यात काम लावून दिले. ह्या साऱ्यात पैसा किती लागला असेल? फार थोडा. व्यासपीठावरून लिफाफा दिला असता, तर तो त्या नवऱ्याने संध्याकाळपर्यंत पिऊन टाकला असता.

आणि आता त्या पिशवीविषयी. ह्या मंडळींच्या प्रत्येक बैठकीच्या शेवटी एक पिशवी किंवा टोपी सर्वांपुढून फिरविली जात असे. ती प्रथा त्या संस्थेत आजही चालू आहे. प्रत्येकाने तीत हात घालावयाचा. कोणी काय टाकले हे कोणी पाहावयाचे नाही. खिशात काही नसेल त्याने रिकामी मूठ आत घालून उघडून बाहेर काढली, तरी चालते. माझ्या मते ह्या एवढ्याशा रिवाजात फार मोठे शहाणपण आहे. ज्याच्यापाशी काही नाही, तोही देणाऱ्यांच्या रांगेतून उठत नाही. आणि दुसऱ्याकडे मागण्यापूर्वी मागणाऱ्याने स्वतःच्या खिशात हात घातलेला असतो. आमची मुले गावभर डबा फिरवितात. परंतु पहिले नाणे त्यांनी स्वतः टाकले का, हे मी पूर्वी कधी विचारले नव्हते. त्या गावी अशी पिशवी असती, तर त्या मुलीला आपल्या घरचे दुःख आतल्या आत ठेवूनही सर्वांबरोबर मान वर करून बसता आले असते.

घेणाऱ्याचे नाव झाकणे, हे काम झाले अर्धे. उरलेले अर्धे हिशेबाचे, आणि तेथे आम्ही नेमके उलटे करतो. घेणाऱ्याचे नाव चव्हाट्यावर मांडतो आणि हिशेब मात्र झाकून ठेवतो. 'आमच्यावर विश्वास नाही काय?' असे म्हटले, की समोरचा गप्प बसतो. विश्वास असतोच, नसता, तर पैसे दिले नसते. पण विश्वास आहे म्हणून हिशेब नको, असे म्हणणे म्हणजे विहिरीला पाणी आहे म्हणून दोर नको, असे म्हणण्यासारखे आहे.

ह्या बाबतीत संत पौल आपल्यापेक्षा फार सावध होता. यरुशलेममधील गरीब बंधूंसाठी त्याने करिंथ, गलती, मासेदोनिया येथील मंडळ्यांतून मोठा निधी जमविला. त्याच्या पत्रांतून ह्या कामाची बारीकसारीक व्यवस्था दिसते. त्याने करिंथकरांस सांगितले, की आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाने आपल्या मिळकतीप्रमाणे थोडे थोडे बाजूला काढून ठेवावे. मी आल्यावर धावपळ नको. आणि पैसे पोहोचविण्यास तो एकटा गेला नाही. मंडळ्यांनीच निवडून दिलेली माणसे त्याच्याबरोबर होती. एवढी मोठी रक्कम हाताळताना कोणाला बोट दाखविण्यास जागा राहू नये, असे कारणही त्याने देऊन ठेविले आहे. देवापुढे मन स्वच्छ आहे, एवढे त्याला पुरेसे वाटले नाही. माणसांनाही ते दिसले पाहिजे, असा त्याचा आग्रह होता. प्रेषिताला जर साक्षीदार लागतात, तर तुम्हाआम्हाला ते नकोत काय?

मी पाहिलेली एक गोष्ट सांगतो. कोठे ते विचारू नका. एका आजारी मुलाच्या शस्त्रक्रियेसाठी तरुणांनी वर्गणी गोळा केली. शस्त्रक्रिया ठरल्यापेक्षा कमी खर्चात झाली आणि काही हजार रुपये शिल्लक उरले. चोरी कोणी केली नाही. परंतु सणाच्या मंडपाला पैसे कमी पडत होते. 'तेही देवाचेच काम' असे म्हणून ती शिल्लक तिकडे वळविण्यात आली. ही बातमी फुटली, आणि पुढील दोन वर्षे त्या गावात डबा घेऊन जाणाऱ्या मुलांना लोक दारातूनच 'झाले का मंडप बांधून?' असे विचारीत. ज्या पोरांनी पायपीट केली, त्यांच्या वाट्यास हे बोल आले. वास्तविक धर्मसभेचा कायदा ह्या बाबतीत अगदी स्पष्ट आहे. १९८३ च्या धर्मसंहितेतील १२६७ व्या कलमाप्रमाणे श्रद्धावंतांनी विशिष्ट हेतूने दिलेले दान त्याच हेतूसाठी वापरता येते. उरले, तर ज्यांनी दिले त्यांना विचारावे. विचारण्यास फारसे काही लागत नाही. रविवारच्या मिस्सानंतरची दोन मिनिटे पुरतात.

फोनवरून पैसे घेण्याचा जो नवा प्रकार आला आहे, त्यानेही हे काम सोपे केले आणि अवघडही केले. चौकोनी ठिपक्यांचा क्यूआर कोड डब्यावर चिकटविला, की सुट्या पैशांची अडचण राहत नाही. पण ते पैसे जातात कोठे? बहुतेक वेळा मंडळातल्या एखाद्या भल्या मुलाच्या स्वतःच्या खात्यात. तेथे त्याचा पगार असतो, मोटारसायकलीचा हप्ता जातो, आणि त्यातच गावाचा निधीही मिसळतो. महिन्याच्या अखेरीस कोणते पाचशे कोणाचे, हे त्या बिचाऱ्यालाही सांगता येत नाही. तो प्रामाणिक असतो, पण आपण त्याला संशयाच्या तोंडी दिलेले असते. पालकांनो, तुमच्या मुलाच्या खात्यात असा निधी येत असेल, तर त्याला आजच थांबवा. प्रत्येक धर्मग्रामात अर्थसमिती असलीच पाहिजे, असा नियम आहे. त्या समितीच्या माहितीने धर्मग्रामाच्या खात्यातच हे पैसे यावेत, आणि त्यांची वेगळी नोंद राहावी.

हे वाचून कोणी म्हणेल, की फादर, पिशवीत पाच-दहा रुपये टाकून आणि वह्या लिहून एखादे घर थोडेच उभे राहते! त्यासाठी मोठे देणगीदार गाठावे लागतात, हाऊजी ठेवावी लागते, नट आणावा लागतो. (हाऊजीविषयी माझे मत सर्वांना ठाऊक आहे, ते पुन्हा सांगत नाही.) पण थोड्यातून किती होते, ह्याची उदाहरणे दूर शोधावी लागत नाहीत. महर्षी धोंडो केशव कर्वे ह्यांनी १८८६ मध्ये, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, कोकणातील आपल्या मुरुड गावासाठी 'मुरुड फंड' सुरू केला. गावची जी मंडळी मिळवती झाली होती, त्यांनी आपापल्या मिळकतीतील लहानसा हिस्सा गावासाठी काढून ठेवावयाचा, एवढीच कल्पना. पुढे जगाला दिसलेले त्यांचे सारे मोठे कार्य ह्यानंतरचे आहे. प्रारंभ आपल्या गावापासून झाला, आणि तो किरकोळ रकमांनी झाला.

दुसरे उदाहरण आपल्याच देशातले, परंतु फार लांबच्या मिझोराम प्रांतातले. तेथील प्रेस्बिटेरियन बांधवांच्या स्त्रियांनी १९१० साली एक रीत पाडली. स्वयंपाकासाठी तांदूळ मोजून घेतले, की त्यातून मूठभर बाजूच्या भांड्यात टाकावयाचे. ठराविक दिवशी ते गोळा करून विकावयाचे. त्यांच्या भाषेत ह्याला 'बुहफाई थाम' म्हणतात. मूठभर तांदळाने कोणाचे पोट अर्धे राहत नाही. पण घरोघरच्या मुठी मिळून आज तेथील मंडळीकडे दरवर्षी कोट्यवधी रुपये जमतात. त्याच प्रांतातील तरुणांची संस्था १९३५ पासून चालत आली आहे. गावात कोणी मरण पावले, की थडगे खणण्यास तिचे तरुण जातात. मोबदला घेत नाहीत, आणि मेलेला माणूस गरीब की श्रीमंत, हेही विचारीत नाहीत. थडगे सर्वांनाच लागते, म्हणून ते खणून देण्यात कोणाचा मान जात नाही. आमच्या गावाचा गवंडी आणि ती मुले ज्या रीतीने परसात गेली, ती रीत मला हीच वाटते. निधी जमविण्यापूर्वी आपल्या हातांनी काय करून देता येईल, हे आधी पाहावे, पैसा त्यानंतर.

मागच्या शनिवारी ओसरीवर बैठक झाली, तेव्हा हे सर्व मी मुलांपुढे मांडले. अपेक्षेप्रमाणे वाद झाला, आणि वाद झाला ह्याचा मला आनंद वाटला. एका मुलाचे म्हणणे असे, की नाव आणि छायाचित्र दाखविल्याशिवाय लोक देत नाहीत; बाहेरगावचे तर मुळीच देत नाहीत. त्याचे म्हणणे खोटे नाही. छायाचित्र नसेल तर रक्कम कमी होईल, हे मी मान्य केले. ती कमी झालेली मला चालेल, असेही सांगितले. मुलींपैकी एकीने मात्र त्याला विचारले, "तुझ्या आईचे छायाचित्र तू टाकशील का?" त्यावर तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, कामाचे छायाचित्र टाकू या, माणसाचे नको. नवी भिंत दाखवू, घर कोणाचे ते नको. ही तोड मला सुचली नव्हती. ती मान्य झाली.

ठरले ते असे. यंदा कोणासाठी, हे मंडळातील फक्त दोघांना आणि मला ठाऊक असेल. ते दोघे आधी त्या घरी जातील, चहा घेतील, आणि आम्ही काही करावे अशी त्यांची इच्छा आहे का, हे विचारतील. 'नको' म्हणण्याचा त्यांना अधिकार राहील. नाताळच्या गाण्यांचा डबा दर रात्री तिघांच्या देखत उघडला जाईल, आकडा वहीत लिहून तिघे सह्या करतील, आणि त्या आठवड्याची एकूण रक्कम रविवारी चर्चच्या दारावरील फळ्यावर खडूने लिहिली जाईल. किती आले, किती गेले, कशावर गेले : सिमेंट, औषध, शाळेचे शुल्क. नाव तेवढे येणार नाही. काही उरले तर मिस्सानंतर सर्वांना विचारू.

घरच्या वडीलधाऱ्यांना माझी एवढीच विनंती आहे, की मुले गाणी म्हणत दाराशी आली म्हणजे 'कोणासाठी?' असा प्रश्न त्यांना विचारू नये. ते सांगणार नाहीत, आणि सांगितले तर ते मंडळाचा नियम मोडतील. 'किती जमले?' हे मात्र खुशाल विचारावे. त्याचे उत्तर त्यांना देता आलेच पाहिजे. न देता आले, तर मला येऊन सांगावे.

पिशवी शिवून तयार आहे. ती माझ्या एका जुन्या काळ्या झग्याच्या बाहीची केली आहे. कापड जाड असल्यामुळे आत काय पडले, ते बाहेरून दिसत नाही. नाण्याचा आवाजही येत नाही. पहिल्या बैठकीत ती फिरविली, तेव्हा तीत तीनशे बारा रुपये निघाले, आणि एक शर्टाचे बटण.